होम थिएटर जळू नये म्हणून आधी मीटरपाशी जा, मग टीव्हीमागं

बार्शीत मे महिन्यात वळीव येतो तेव्हा आधी धूळ येते, मग वारा सुटतो, मग लाईट जाते. त्या संध्याकाळी लाईट गेली नाही, उलट जास्तच आली. हॉलमधला बल्ब पांढराफटक पेटला, पंखा सुसाट सुटला, आणि मी उठून मेन स्विचपर्यंत पोचायच्या आत टीव्हीमागं फट्ट असा आवाज आणि जळका वास. टीव्ही, एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा डबा), सबवूफर, सेट टॉप बॉक्स, चारही गेले. आणि हे सगळं ज्या महागाच्या स्पाइक गार्डला, म्हणजे झटक्यापासून वाचवणाऱ्या प्लगांच्या पट्टीला, लावलेलं ती पट्टी आतून कोळसा. वीज कुठंही पडली नव्हती. वाऱ्यानं खांबावरची न्यूट्रलची तार तुटली होती, एवढंच.

तेव्हापासून कुणी नवीन सिस्टीम घेतली आणि "कुठली पट्टी घेऊ रे" असं विचारलं की मी आधी त्याच्या मीटरपाशी जाऊन उभा राहतो. लोक लाख-दीड लाखाचा सेट घेतात, संरक्षणाला पाचशेची पट्टी, आणि घराला अर्थिंग आहे का हे मालकालाच माहीत नसतं. माझ्या मते पैसे उलट्या क्रमानं घालायला पाहिजेत, पहिले डीबीत (मीटरजवळच्या मेन स्विचांच्या पेटीत) आणि अर्थिंगमध्ये, मग डिशच्या केबलीत, आणि उरले तर पट्टीत.

न्यूट्रल गेला म्हणजे नेमकं काय होतं

डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, आपल्या गल्लीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. दोन फेजच्या मधे ४०० व्होल्टच्या आसपास, आणि कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल यात २३०. तुमच्या घराला एक फेज, शेजारच्याला दुसरा, पलीकडच्याला तिसरा, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा सामायिक. हा न्यूट्रल मागं कुठं तुटला की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर एकापुढं एक जोडल्यासारखे दोन फेजच्या मधे टांगले जातात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात, पण सारखे नाही. ज्याच्याकडं गिझर, इस्त्री, एसी असा जड लोड चालू आहे त्याला कमी मिळतात, आणि ज्याच्याकडं नुसता टीव्ही आणि दोन बल्ब त्याला ३००, ३५०. म्हणजे शांतपणे पिक्चर बघत बसलेला माणूसच आधी मरतो, शेजारी मात्र "आमच्याकडं डिम झाली होती बुवा" म्हणतो.

आता टीव्हीच्या आत काय होतं बघा. पॉवर सप्लायमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो, बहुतेक वेळा ४०० किंवा ४५० व्होल्टचा. बाहेरचे २३० एसी आत डीसी होऊन साधारण ३२५ होतात, तिथपर्यंत सगळं ठीक. बाहेर ३५० झाले की आत ४९५ होतात, मग तो कपॅसिटर फुगतो, फुटतो, आणि जाताना सोबत दोन-चार जणांना घेऊन जातो.

पट्टी का वाचवत नाही? चांगल्या स्पाइक गार्डमध्ये एमओव्ही नावाची गोल चपटी चकती असते, बऱ्याचदा निळी. ती एरवी गप्प बसते, व्होल्टेज खूप वर गेलं की स्वतःतून करंट जाऊ देते आणि वरचा झटका खाऊन टाकते. पण हे तिचं काम मायक्रोसेकंदांचं. २७५ व्होल्टची चकती मोठा झटका आला तर तो ७०० च्या आसपास दाबून धरते, तेवढ्यापुरतं उत्तम. पण ३५० व्होल्ट सलग दोन मिनिटं आले तर ती सतत करंट खात राहते, तापते आणि पेटते. माझ्या पट्टीचं तेच झालं. शिवाय प्रत्येक लहानमोठा झटका खाताना ती थोडी थोडी झिजत असते, त्यामुळे सहा वर्षं जुन्या पट्टीत काही शिल्लक आहे का हे बाहेरून कळत नाही. आणि स्वस्तातल्या कितीतरी पट्ट्यांवर नुसतं स्पाइक गार्ड असं छापलेलं असतं, आत चकतीच नसते, तो लाल दिवा फक्त लाईट आहे एवढंच सांगतो.

एमसीबीबद्दलही, म्हणजे डीबीतल्या आपोआप पडणाऱ्या स्विचबद्दल, एक मोठा गैरसमज आहे. "आमच्याकडं एमसीबी आहे, काय होत नाही" असं म्हणणारे भरपूर. एमसीबी करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो, व्होल्टेज किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, तो माणसाला शॉक बसू नये म्हणून. ३० मिलिअँपिअरचा असावा, घरात असलाच पाहिजे, पण तोही टीव्हीसाठी नाही.

अशी वेळ आली तर ओळखायचं कसं: काही बल्ब खूप प्रखर, पंख्याचा आवाज बदललेला, किंवा उलट एकदम मंद आणि मधेच प्रखर. तेव्हा टीव्हीचा रिमोट शोधत बसू नका, पट्टीचं बटण पण नको, सरळ मेन स्विच पाडा. मग शेजाऱ्यांना ओरडून सांगा आणि १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर कळवा. स्वतः खांबाकडं बघायला सुद्धा जवळ जायचं नाही, तुटलेली तार कुठं लोंबतेय सांगता येत नाही.

डीबीत काय बसवायचं

पहिली वस्तू म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीसारखाच डीबीत बसतो, वर आकडे दाखवतो, आणि व्होल्टेज ठरवलेल्या हद्दीबाहेर गेलं की अख्ख्या घराची लाईट स्वतः तोडतो, परत नीट झालं की थोडं थांबून स्वतः जोडतो. दोन-तीन हजारांत बरा मिळतो. मी वरची हद्द २६५ ला ठेवलीय, खालची १७५ ला आणि परत जोडायला ३ मिनिटांचा वेळ. हा वेळ महत्त्वाचा, कारण लाईट गेल्यावर परत येते तेव्हाचे पहिले काही सेकंद सगळ्यात वाईट असतात, येते-जाते-येते असं तीनचारदा होतं, आणि आख्ख्या गल्लीतले फ्रीज, मोटारी एकदम चालू होतात. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला पण ती विश्रांती लागते. तुमच्याकडं मुळातच व्होल्टेज २५५-२६० असतं, म्हणजे डीपी अगदी घराला लागून असेल, तर वरची हद्द थोडी वर घ्या, नाहीतर दिवसातून दहादा लाईट पडेल आणि घरचे तुम्हालाच डीबीतून काढून टाकतील. घेताना त्याचा अँपिअर आकडा तुमच्या मेन एमसीबीपेक्षा कमी नको.

थ्री फेज कनेक्शन असलेल्यांनी जास्त काळजी घ्या, कारण हा न्यूट्रलचा खेळ तुमच्या स्वतःच्या डीबीत सुद्धा होऊ शकतो. न्यूट्रल लिंकचा एक स्क्रू सैल झाला की झालं. तुम्हाला थ्री फेजचा प्रोटेक्टर लागेल, किंवा होम थिएटर ज्या फेजवर आहे त्यावर एक सिंगल फेजचा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत धरा, वायरमनला बोलावून मेन बंद करून डीबीतले सगळे स्क्रू आवळून घ्या. तांब्याची वायर तापून-थंड होऊन स्क्रूखाली सैल होते, हे काम पाऊण तासाचं आहे आणि कुणी करत नाही.

दुसरी वस्तू एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. हीच खरी आकाशातल्या विजेच्या झटक्यांसाठी. घरच्या डीबीला टाइप २ लागतो, आपल्याकडच्या चढत्या-उतरत्या व्होल्टेजला ३२० व्होल्टचा घ्या, २७५ चा नको, नाहीतर त्याची गत पण माझ्या पट्टीसारखी. घराच्या छतावर लाइटनिंग अरेस्टर असेल तर टाइप १ अधिक २ असा एकत्र मिळतो तो. बसवताना वायरमन हमखास एक चूक करतो, वायरी छान वळणं देऊन, बांधून, लांबलचक नेतो, दिसायला सुंदर. तिथं मागं लागून सांगायचं की फेजकडची आणि अर्थकडची मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत पाहिजे आणि सरळ पाहिजे, कारण वीज इतक्या झपाट्यानं येते की प्रत्येक जादाच्या फुटावर काहीशे व्होल्ट वाढतात, आणि ते तुमच्या टीव्हीच्या वाट्याला येतात. एसपीडीवर एक छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे गेला, आतली कॅसेट बदला. मी महिन्याचं रीडिंग घ्यायला माणूस येतो त्या दिवशी ती खिडकी बघतो, त्यामुळे लक्षात राहतं.

आता अर्थिंग

वरचा एसपीडी असो की पट्टी, झटका घेऊन तो टाकणार कुठं? जमिनीत. वाटच नसेल तर सगळं शोभेचं. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत, आणि खरं सांगायचं तर नवीन फ्लॅटात सुद्धा कधीकधी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात वायरच आलेली नसते.

मल्टीमीटर वापरता येत असेल तरच तपासा, नाहीतर वायरमनकडून तपासून घ्या, सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात आणि त्याला ओळख-पाळख नसते. फेज ते न्यूट्रल साधारण २३० यावं, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ ९०, १२० असं काहीतरी येत असेल तर अर्थ हवेत लटकतोय. मीटर फसवू शकतो, म्हणून अनुभवी वायरमन फेज आणि अर्थच्या मधे शंभरचा बल्ब लावून बघतात, प्रखर पेटला तर अर्थ खरा. आरसीसीबी असेल तर तो त्या वेळी पडणार, घाबरू नका, त्याचं काम तो करतोय.

इथं एक धोक्याची गोष्ट. काही कारागीर अर्थ नाही म्हटल्यावर सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात, "झालं साहेब, अर्थिंग आलं." हे कधीही करू देऊ नका. कुठं न्यूट्रल सुटला तर रिसीव्हरच्या पत्र्याच्या डब्याला, फ्रीजला, गिझरला सरळ फेज येतो.

अर्थिंगसाठी पद्धत आयएस ३०४३ या भारतीय मानकात दिलेली आहे, घरगुती कामाला बहुतेक ठिकाणी जीआय पाइप साधारण अडीच मीटर खोल जातो, भोवती मीठ-कोळसा, किंवा हल्ली तयार केमिकल अर्थिंग मिळतं. ५ ओहमच्या खाली आलं तर चांगलं. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मस्त रीडिंग येतं आणि एप्रिलमध्ये भेगा पडल्या की बिघडतं, म्हणजे नेमकं वळवाच्या तोंडावर. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या त्या खड्ड्यात. आमची आई तुळशीला घालते तेव्हाच तिकडं एक ओतते. कोकणात जांभ्या दगडात खोल जाणं अवघड असतं, तिथं दोन-तीन ठिकाणी पाइप घालून एकत्र जोडतात.

भाड्यानं राहणाऱ्यांना एवढं खोदकाम जमणार नाही हे मान्य. मग प्लगमध्ये लावायचा व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, तो फक्त टीव्ही-रिसीव्हरच्या पॉइंटला लावा, आणि पाऊस-वाऱ्यात प्लग उपसायची सवय लावा.

प्लग उपसा, म्हणजे उपसाच. आपल्या बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, त्यामुळे बटण बंद करून निवांत झोपणं हे अर्धंच काम. पण हे गडगडायला लागायच्या आधी करायचं. डोक्यावर वीज कडाडत असताना केबली उपसायला जाणं यात जिवाला धोका आहे, त्या वेळी सेट गेला तर गेला.

डिशची केबल हा मागचा दरवाजा

सगळं करूनही लोकांचे सेट जातात ते इथून. गच्चीवरची डिश म्हणजे घराच्या सगळ्यात उंच जागी ठेवलेला लोखंडाचा तुकडा, आणि तिथून एक तांब्याची केबल थेट सेट टॉप बॉक्समध्ये. वीज तुमच्या घरावर पडायची पण गरज नाही, आसपास पडली तरी त्या लांब केबलीत झटका तयार होतो. तो बॉक्समध्ये येतो, तिथून एचडीएमआयमधून रिसीव्हरमध्ये, तिथून टीव्हीत. वीज पडल्यानंतर टीव्ही चालू होतो, चित्र सगळं ठीक, फक्त एचडीएमआयचे एक-दोन पोर्ट मेलेले, असं दिसलं की समजायचं चोर मागच्या दारानं आला होता. पोर्ट मेन बोर्डावरच असतो, त्यामुळे दुरुस्तीवाला बोर्डाचाच भाव सांगतो.

उपाय दोन. वादळाचा अंदाज असला की प्लगसोबत डिशची केबल पण बॉक्समधून फिरवून काढा, आणि ती टीव्हीजवळ लोंबकळत न ठेवता बाजूला ठेवा. दुसरा म्हणजे केबल घरात शिरते तिथं कोअॅक्सचा (म्हणजे या डिशच्या केबलीचा) सर्ज प्रोटेक्टर किंवा ग्राउंडिंग ब्लॉक, आणि त्याची वायर घराच्या त्याच अर्थिंगला. त्याच, हा शब्द लक्षात ठेवा. डिशसाठी गच्चीवर वेगळा रॉड ठोकून वेगळं अर्थिंग केलं तर वीज आली तेव्हा दोन अर्थिंगमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक मिटवायला रस्ता सापडतो तुमच्या रिसीव्हरमधून.

इंटरनेटचं म्हणाल तर फायबर आलंय हे फार बरं झालं, काचेतून वीज जात नाही. फक्त काही फायबर केबलीत आधाराला स्टीलची तार असते, ती राउटरच्या डब्याला टेकू देऊ नका. राउटरपासून रिसीव्हरपर्यंत लॅन केबल नेण्यापेक्षा वायफाय वापरलं तर एक तांब्याची वाट कमी होते. स्ट्रीमिंगला पुरतं तेवढं.

इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, आणि अमेरिकेहून आलेला रिसीव्हर

इन्व्हर्टरवर सेट आहे म्हणून सुरक्षित, असं नाही. लाईट असताना इन्व्हर्टर ती जशी येते तशी पुढं सोडतो. बऱ्याच इन्व्हर्टरना मागं एक बटण असतं, यूपीएस मोड आणि वाइड मोड. वाइड मोडमध्ये २९० पर्यंत सुद्धा पुढं जाऊ देतात, यूपीएस मोडमध्ये साधारण १८० ते २६० एवढंच. होम थिएटर त्यावर असेल तर यूपीएस मोडला ठेवा. आणि स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर मोठा ट्रान्सफॉर्मर असलेले अँप्लिफायर गुणगुणतात, तापतात, त्यांना साइन वेव्हच पाहिजे. दिव्याचा प्रोजेक्टर असेल त्याला छोटा यूपीएस लावाच, कारण लाईट गेली की आतला कूलिंगचा पंखा पण बंद पडतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, दिव्याचं आयुष्य कमी होतं.

स्टॅबिलायझर हल्लीच्या टीव्हीला बहुतेक ठिकाणी लागत नाही, मागं १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेज तो स्वतः सांभाळतो. रिसीव्हरवर नुसतं २३० लिहिलेलं असतं, आणि तुमच्याकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की १७० वर येत असेल, तर त्याला स्टॅबिलायझर घ्या, हाय कट (व्होल्टेज फार वर गेलं की तोडणारा) आणि टाइम डिले (थांबून जोडणारा) असलेला.

माझा एक चुलतभाऊ न्यू जर्सीहून कायमचा परत आला तेव्हा तिथला रिसीव्हर आणि सबवूफर घेऊन आला. इथं आल्यावर पिन बदलायचा अॅडाप्टर लावला, बटण दाबलं, संपलं. अॅडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मागं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच पाहिजे, लागणाऱ्या वॅटच्या दीड-दोन पट ताकदीचा. परदेशातल्या मंडळींनी सामान बांधायच्या आधी मागची चिठ्ठी वाचावी, आणि विमानात वजन वाया घालवू नये.

एचडीएमआय: लाईट चालू ठेवून केबल खुपसू नका

टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या धातूच्या भागाला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात ना? दोन पिनेच्या प्लगवाल्या वस्तूंना अर्थ नसतो, आणि त्यांच्या पॉवर सप्लायमधून थोडीशी गळती बाहेरच्या धातूवर येते, मीटर लावला तर निम्मं व्होल्टेज, म्हणजे शंभर-सव्वाशे पण दाखवतो. करंट अगदी कमी असतो, माणसाला काही होत नाही. पण अशा वस्तूची केबल तुम्ही दुसऱ्या, अर्थ असलेल्या वस्तूत चालू असताना खुपसली, आणि बाहेरचं कवच टेकायच्या आधी आतली एखादी बारीक पिन टेकली, तर तो फरक त्या पिनेतून जातो. एचडीएमआयच्या १९ पिना आणि त्यामागची चिप फार नाजूक. म्हणून सगळे प्लग आधी काढा, मग केबल लावा, मग प्लग. लॅपटॉप जोडणाऱ्यांनी तर जास्तच.

सिग्नल येत नाही अशा शंभरातल्या निम्म्या तक्रारी माझ्या अनुभवात केबल जड आणि पोर्टवर लोंबणारी असल्यामुळे असतात. टीव्ही भिंतीला चिकटवलेला, मागं जागा नाही, केबल काटकोनात मोडलेली, वजन सगळं त्या इवल्याशा पोर्टवर. एल आकाराचा जोड वापरा, केबल भिंतीला वेलक्रोनं बांधा म्हणजे वजन पोर्टवर येणार नाही. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळू नका.

चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मधेच दोन सेकंद काळं होतं, ४के लावलं की जातं आणि साधं एचडी लावलं की येतं, ही सगळी केबल अपुरी असल्याची लक्षणं. साध्या तांब्याच्या केबलीनं ४के ६० फ्रेम पाच मीटरपर्यंत भरवशाचं, त्यापुढं नशीब. प्रोजेक्टरला दहा-बारा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आणि तिला दिशा असते हे विसरू नका, एक टोक सोर्सचं एक डिस्प्लेचं, उलटी घालून भिंत बंद केली की रडायची वेळ येते. पाइपमध्ये घालताना सोबत एक रिकामी नायलॉनची दोरी ओढून ठेवा, पुढच्या केबलीसाठी. आणि पीओपी करायच्या आधी जोडून, चालवून बघा, प्लीज.

आवाज रिसीव्हरमधून येत नाही पण चित्र येतंय, तर आधी टीव्हीवर एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच (हाच टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडं पाठवतो) केबल आहे का बघा, मग सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून वस्तू एकमेकींना हुकूम देतात ती सोय, चालू. तरीही हट्ट करत असेल तर तिन्ही वस्तूंचे प्लग दोन मिनिटं काढून, मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बॉक्स या क्रमानं चालू करा. बिघाड शोधताना नेहमी छोटी, चालू असल्याची खात्री असलेली केबल लावून बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला.

स्पीकरच्या वायरी

रिसीव्हरवर प्रोटेक्ट असं येऊन बंद पडत असेल तर सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी मागं टॉर्च मारा. बहुतेक वेळा वायरीचा एक केसाएवढा तंतू लाल टर्मिनलमधून निघून काळ्याला टेकलेला असतो. प्लग काढा, सगळे स्पीकर सोडवा, मग चालू करा. चालू राहिला तर रिसीव्हर ठीक आहे, आता बंद करून एकेक स्पीकर जोडत जा, ज्याला पडतो तो गुन्हेगार. सगळे सोडवूनही पडत असेल तर आत काहीतरी गेलंय, स्वतः झाकण उघडू नका, कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

वायरीच्या टोकाला बनाना प्लग (जाडसर पिना) लावले की तंतूंची कटकट संपते. वायर दुकानात ४०/७६ म्हणून मागा, म्हणजे ४० बारीक तारांची, छोट्या हॉलला पुरते, मागच्या स्पीकरला लांब जात असेल तर त्याहून जाड. तांब्याचीच घ्या, वर लाल-काळी दिसणारी आणि आत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली भरपूर मिळते, टोक खरवडलं की पांढरं दिसतं. मीटर ओहमवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांत बघितलं तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो. शून्य दाखवला तर शॉर्ट, काहीच नाही दाखवला तर कुठंतरी तुटलीय.

स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर डिशची केबल काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी अर्थ येतोय. रिसीव्हर, सबवूफर, बॉक्स सगळे एकाच बोर्डावरून घ्या, नाही भागलं तर केबलीवर आयसोलेटर. तीन पिनेच्या प्लगची अर्थची पिन कापून आवाज घालवणारे महाभाग आहेत, आवाज जातो हे खरं, पण मग त्या डब्याला हात लावायची जबाबदारी त्यांनीच घ्यावी.

मेहुण्याचं घर रत्नागिरीला, समुद्रापासून फार लांब नाही. तिथं शत्रू वेगळाच, खारी हवा. दोन पावसाळ्यांत वायरीच्या उघड्या टोकांवर हिरवा थर, आवाज खरखरतो, एक बाजू मधेच जाते. दर वर्षी पावसाळा संपला की तो टोकं अर्धा इंच कापून नवीन सोलतो, आणि जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो. पावसाळ्यात सिस्टीम बंद करून चार महिने झाकून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालू ठेवलेली बरी, आतली ऊब ओल उडवते. गावाला जाणार असाल तर मात्र प्लग काढूनच.

आणि पाल. हसू नका, बोर्डात आणि रिसीव्हरच्या जाळीत पाल शिरून शॉर्ट झालेले मी दोन बघितलेत, बोर्डात मुंग्यांचं घर तर नेहमीचं. बोर्डाची भोकं बंद करा, उबदार डब्यावर कपडा घालू नका, वर चार बोटं हवा खेळती ठेवा. जो सॉकेट सैल आहे, प्लग हलवला की चुर्र करतो किंवा भोकं पिवळी-तपकिरी झालीत, तो आजच बदलून घ्या, तिथं ठिणग्या पडत असतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा झटका. एका मल्टिप्लगमध्ये दुसरा, त्यात तिसरा, असं झाड करू नका.

व्होल्टेजमुळे जळालेलं सहसा वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे घराचा विमा घेताना विजेच्या उपकरणांचं कलम आहे का ते विचारा, आणि बिलं, सिरीयल नंबर यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्याच वेळी रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा पण एक फोटो काढा, सगळ्या वायरी जोडलेल्या असताना, आणि प्रत्येक वायरीवर कागदी टेपनं नाव लिहा: डिश, सब, मागचा डावा. मी नसताना वळीव आला तर आमची आई आता "डिश" आणि "मेन" एवढे दोनच शब्द वाचते आणि दोन्ही काढून ठेवते.